घोट्याचा अस्थिभंग आणि पोटरीतील गुठळी

पैनगंगेच्या दक्षिणेस, तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, तामसी हे मंडलाचे गाव आहे. नदीच्या या तीरावर आणि त्या तीरावर माती एकच, कापसाचे पीक एकच आणि पुष्कळ घरांतील भाषाही एकच, मराठी. काळ्या जमिनीत पाऊस मुरला की वाट निसरडी होते. डोक्यावर ओझे असते, बांध अरुंद असतो, पाऊल आत वळते आणि सगळ्या शरीराचा भार क्षणात घोट्यावर येतो. घरोघर मोटारसायकली आल्यापासून या अपघातांत रस्त्याचीही भर पडली आहे. हाड जागचे हलले नसेल तर प्लॅस्टरने काम भागते. सांधाच विस्कटला असेल तर मात्र शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी आणि स्क्रू बसवावे लागतात. त्यासाठी तामसीच्या रुग्णाला आदिलाबादला, कधी नांदेड किंवा यवतमाळला, तर कधी नागपूर वा हैदराबादलाही जावे लागते.

शस्त्रक्रिया पार पडते. क्ष-किरणांच्या चित्रात हाडे नीट जुळलेली दिसतात, काही दिवसांनी रुग्ण घरी येतो आणि घरची माणसे सुटकेचा श्वास टाकतात. आता हाड जुळेपर्यंत पडून राहायचे, एवढीच त्यांची समजूत असते. परंतु नेमक्या याच काळात, ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते अशा ठिकाणी, एक वेगळे संकट उद्भवू शकते. पोटरीतील खोल नीलांमध्ये रक्त गोठते व त्याची गुठळी तयार होते. ती जागीच राहिली तर पाय सुजतो आणि दुखतो. निसटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. हे संकट रुग्णालयातच उद्भवते असे नाही. पुष्कळदा ते घरच्या बाजेवर, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत येते. म्हणून त्याची ओळख रुग्णाला व त्याच्या घरच्यांना असणे डॉक्टरांच्या ज्ञानाइतकेच महत्त्वाचे आहे.

गुठळी पोटरीतच का व्हावी, हे समजण्यासाठी रक्ताचा परतीचा मार्ग पाहिला पाहिजे. हृदय रक्त रोहिण्यांतून पायापर्यंत जोराने ढकलते. परत येताना मात्र त्या रक्ताला चढण चढावी लागते आणि मागचा जोर जवळजवळ ओसरलेला असतो. या कामासाठी निसर्गाने दोन योजना केल्या आहेत. पहिली योजना म्हणजे नीलांतील झडपा. त्या वर जाणाऱ्या रक्ताला वाट देतात आणि खाली घसरणाऱ्या रक्ताला अडवतात. इंग्लंडमधील विल्यम हार्वे याने 1628 साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हा त्याच्या पुराव्यांपैकी एक पुरावा या झडपांचाच होता. दुसरी योजना म्हणजे पोटरीचे स्नायू. माणूस पाऊल टाकतो तेव्हा हे स्नायू आकसतात, त्यांच्यामधील नीला पिळल्या जातात आणि रक्त वरच्या दिशेने ढकलले जाते. पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हणतात ते याच कारणाने. पण पहिले हृदय माणूस झोपला तरी चालू असते. हे दुसरे हृदय माणूस हलला तरच चालते.

जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो याने 1856 साली प्रसिद्ध केलेल्या लेखसंग्रहात या विकाराची उकल केली. फुप्फुसात सापडणारी गुठळी बहुधा तेथे जन्मलेली नसते, ती दूरच्या नीलेतून वाहत आलेली असते, हे त्याने दाखवून दिले. गुठळी होण्याची जी तीन कारणे पुढे त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली, ती अशी: रक्ताचा प्रवाह मंदावणे, नीलेच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. घोट्याच्या अस्थिभंगात ही तिन्ही कारणे एकत्र येतात. प्लॅस्टरमुळे व पायावर भार द्यायचा नसल्यामुळे पोटरी निश्चल होते. हाड मोडताना आसपासच्या लहानमोठ्या नीलांना धक्का बसतो. आणि शरीर जखम भरून काढण्याच्या तयारीला लागते, तेव्हा रक्तातील गोठवणारी द्रव्ये आपोआप वाढतात. जी प्रवृत्ती जखमेतून वाहणारे रक्त थांबवून माणसाला वाचवते, तीच निश्चल पोटरीत त्याच्यावर उलटू शकते.

मात्र या धोक्याचे खरे मान ध्यानात घेतले पाहिजे. घोट्याची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाला गुठळी होते असे मुळीच नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अशा 57,183 रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. शस्त्रक्रियेनंतरच्या तीन महिन्यांत फुप्फुसात गुठळी जाऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाण त्यांत शेकडा 0.34, म्हणजे सुमारे तीनशेंमध्ये एक, असे आढळले. खुब्याच्या अस्थिभंगाशी तुलना करता घोट्याचा धोका पुष्कळच कमी आहे. तेव्हा भीतीने शस्त्रक्रिया टाळण्याचे काहीच कारण नाही. वाकडा जुळलेला घोटा जन्मभर लंगडे करतो. पण तीनशेंतील तो एक कोण, हे आधी सांगता येत नाही, म्हणून सावधगिरी सर्वांनीच बाळगावयाची.

हा विकार पाश्चात्यांचा आहे, भारतीयांना तो क्वचितच होतो, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती आणि ती केवळ सामान्य लोकांचीच नव्हती. तिचे एक कारण असे की, गुठळी शोधण्याची साधनेच थोडी होती. आणि जे शोधले जात नाही ते नाहीच असे वाटू लागते. मुंबईतील शल्यचिकित्सकांनी पायाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नीलांची तपासणी करून 2003 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा भारतीय रुग्णांतही अशा गुठळ्या मोठ्या प्रमाणावर होतात असे दिसून आले. त्यांतील बऱ्याच गुठळ्या कोणतेही लक्षण न दाखवता विरून जातात हे खरे. तथापि आपण या संकटापासून मुक्त आहोत ही कल्पना आता सोडून दिली पाहिजे.

काही रुग्णांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. ज्यांना पूर्वी कधी गुठळी झाली आहे, किंवा ज्यांच्या आईवडिलांना अथवा भावंडांना ती झाली आहे, त्यांचा क्रम पहिला लागतो. कर्करोगाचे रुग्ण, वयस्क माणसे, अतिशय स्थूल व्यक्ती, धूम्रपान करणारे, गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया यांनाही धोका अधिक असतो. संततिनियमनाच्या ज्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असते, त्या घेणाऱ्या स्त्रियांनी ही गोष्ट शल्यचिकित्सकाला अवश्य सांगावी. पायाचे हाड मोडले असता या गोळ्यांचा काय संबंध, असे वाटून त्या सांगावयाच्या राहून जातात; पण त्यांनी रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढते.

तामसीच्या परिसरात आणखी एका गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे. आदिलाबाद आणि शेजारचा विदर्भ या पट्ट्यात, गोंड, परधान आदी समाजांत आणि इतरही काही समाजांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि रक्त गोठण्याचा धोकाही वाढतो. ज्यांच्यात हा दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आला आहे व एरवी ज्यांना काही त्रास होत नाही, त्यांच्यातही फुप्फुसात गुठळी जाण्याचे प्रमाण काहीसे अधिक असते. या विकाराच्या निर्मूलनासाठी 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली व गावोगाव रक्ततपासणी करून कार्डे देण्यात येऊ लागली. असे कार्ड घरात असेल तर ते पेटीत न ठेवता शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना दाखवावे. भूल, शस्त्रक्रियेच्या वेळी मांडीला बांधावयाचा दाबपट्टा, शिरेतून द्यावयाचे पाणी, या साऱ्यांची योजना त्यावरून ठरते.

आता प्रतिबंधाकडे वळू. त्यातील पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. तो म्हणजे हालचाल. घोटा प्लॅस्टरमध्ये असला तरी बोटे मोकळी असतात. ती दिवसभरात पुनःपुन्हा हलवावीत. मांडीचे स्नायू ताठ करून सैल सोडावेत, गुडघा वाकवता येण्याजोगा असेल तर वाकवावा, पाय सरळ ठेवून खुब्यातून उचलावा. दुसऱ्या, धडधाकट पायाचा घोटा वरखाली फिरवावा, कारण निजून राहिल्याने त्याही पायातील रक्त मंदावते. शल्यचिकित्सकाने परवानगी देताच कुबड्यांच्या किंवा वॉकरच्या आधाराने उठावे. पायावर भार किती व केव्हा द्यायचा हे मात्र हाडाच्या बांधणीवर अवलंबून असते. पूर्वी सहा आठवडे पाऊल टेकू देत नसत, हल्ली काही रुग्णांना लवकर टेकू देतात. तेव्हा शेजाऱ्याला काय सांगितले होते यावरून स्वतःचा नियम ठरवू नये. मोडलेल्या पायावर भार न देणे म्हणजे बाजेवरून न उठणे नव्हे, एवढा भेद ध्यानी धरला तरी पुष्कळ साधेल.

निजताना पाय हृदयापेक्षा उंच राहील असा ठेवावा. त्यासाठी पोटरीखाली घडी घातलेली गोधडी किंवा उशा ठेवाव्यात; केवळ गुडघ्याखाली कठीण वस्तू ठेवल्याने नीला दाबल्या जातात. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसणे वर्ज्य समजावे. पाणी भरपूर प्यावे. येथे एक घरगुती अडचण आहे, तिचा उल्लेख कोणी करीत नाही. अंगणापलीकडच्या शौचकूपापर्यंत जाणे कष्टाचे, त्यासाठी कोणाला हाक मारण्याचा संकोच. म्हणून रुग्ण, विशेषतः स्त्रिया, पाणीच कमी पितात. उन्हाळ्यात किंवा उपवासाच्या दिवशी यात अधिकच भर पडते आणि रक्त दाट होते. यावर उपदेशापेक्षा सोय करणे उपयोगी. बाजेजवळ भांडे ठेवणे, मधोमध भोक असलेली खुर्ची मिळवणे, आणि रुग्णाला आपला कोणाला भार वाटतो असे वाटू न देणे, ही कामे घरच्यांची आहेत.

प्रवासाचेही असेच. चार तासांहून अधिक वेळ एका जागी बसणे हे निरोगी माणसालाही चांगले नाही. नागपूर किंवा हैदराबाद येथून शस्त्रक्रिया करून परतणाऱ्याला राष्ट्रीय महामार्गावर बराच काळ मोटारीत बसावे लागते. अशा वेळी मागील आसनावर पाय लांब करून बसावे, वाटेत दोनतीनदा थांबावे, बोटे व मांड्या हलवत राहाव्यात. मुदतीच्या तपासणीसाठी पुन्हा जातानाही हेच पथ्य पाळावे.

काही रुग्णांना हालचालीच्या जोडीला औषधही द्यावे लागते. या औषधांचा इतिहास मनोरंजक आहे. 1916 साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला यकृतापासून काढलेल्या अर्कात रक्त गोठू न देणारा गुण आढळला. त्या संशोधनातून हेपॅरिन पुढे आले आणि ग्रीक भाषेतील यकृतवाचक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. दुसऱ्या औषधाचा शोध गुरांच्या मृत्यूतून लागला. 1920 नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरसलेला चारा खाऊन जनावरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन येथील कार्ल पॉल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातील द्रव्य वेगळे केले. त्याच कुळातील वॉरफरिन 1948 साली उंदरांचे विष म्हणून बाजारात आले व 1954 मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. आज हेपॅरिनचा सुधारलेला प्रकार पोटाच्या कातडीखाली सुईने देतात. तोंडाने घ्यावयाच्या नव्या गोळ्याही निघाल्या आहेत. हेपॅरिन बहुतांशी डुकराच्या आतड्यापासून बनवतात. धर्माच्या वा आहाराच्या नियमामुळे कोणाला ते नको असेल तर त्याने तसे मोकळेपणाने सांगावे. अन्य औषधे उपलब्ध आहेत.

मग ते सरसकट सर्वांनाच का देऊ नये? कारण जे औषध गुठळी होऊ देत नाही, तेच रक्तस्रावही वाढवू शकते. नेदरलँड्समध्ये गुडघ्याखाली प्लॅस्टर घातलेल्या सुमारे दीड हजार रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. हेपॅरिनची सुई दिलेल्यांत शेकडा 1.4 जणांना व न दिलेल्यांत शेकडा 1.8 जणांना लक्षणे असलेली गुठळी झाली. हा फरक निर्णायक म्हणता येण्यासारखा नव्हता. त्या रुग्णांपैकी बहुतेकांवर शस्त्रक्रिया झालेली नव्हती. उलट, पायाच्या मध्यम शस्त्रक्रियांनंतर ज्यांना धोका आहे असे डॉक्टरांना वाटले, अशा साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांच्या 2020 च्या अभ्यासात रिव्हारोक्सॅबन ही गोळी घेणाऱ्यांत शेकडा 0.2 व हेपॅरिनची सुई घेणाऱ्यांत शेकडा 1.1 इतक्यांना मोठी गुठळी आढळली. 2023 साली अमेरिका व कॅनडातील बारा हजारांहून अधिक अस्थिभंगाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साधी, स्वस्त ॲस्पिरिन मृत्यू टाळण्याच्या बाबतीत हेपॅरिनपेक्षा उणी ठरली नाही. पायातील गुठळ्या मात्र तिच्याने किंचित अधिक झाल्या.

या सर्वांचा इत्यर्थ एवढाच की, कोणाला औषध द्यायचे, कोणते आणि किती दिवस, हा निर्णय एकेका रुग्णाचा धोका पाहून शल्यचिकित्सकाने घ्यावयाचा असतो. रुग्णाने स्वतः दुकानातून ॲस्पिरिन आणून घेणे योग्य नव्हे. आणि दिलेले औषध बरे वाटते म्हणून किंवा सुया महाग पडतात म्हणून मध्येच सोडणेही योग्य नव्हे. खर्च झेपत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगावे, म्हणजे स्वस्त पर्यायाचा विचार होऊ शकतो. ही औषधे चालू असताना अंगदुखीसाठी गावात मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या वा सुया विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हिरड्यांतून रक्त येणे, लघवी लाल होणे, शौचास डांबरासारखे काळे होणे, जखमेचे बंधन रक्ताने भिजणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना कळवावे.

एवढे करूनही गुठळी झालीच तर ती ओळखावी कशी? शस्त्रक्रियेनंतर घोट्याला सूज असतेच. परंतु ती पाय उंच ठेवल्यावर कमी होते व दिवसेंदिवस ओसरत जाते. ओसरलेली सूज पुन्हा वाढू लागली, पोटरी किंवा मांडी दुसरीपेक्षा जाड दिसू लागली, तेथे ठणका, ऊन लागणे, रंग बदलणे अशी चिन्हे आली, किंवा कालपर्यंत सैल असलेले प्लॅस्टर आज काचू लागले, तर गुठळीची शंका घ्यावी व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. डॉप्लर या ध्वनिलहरींच्या तपासणीने, पायाला न टोचता, निदान होऊ शकते. बोटे थंड, बधिर वा निळी पडणे आणि वेदना असह्य होत जाणे हे प्लॅस्टर अतिघट्ट झाल्याचे लक्षण असू शकते; त्यातही विलंब चालत नाही.

अशा सुजलेल्या पायाला कोमट तेल लावून चोळण्याची रीत घरोघर आहे, आणि तीत माया आहे यात शंका नाही. पण गुठळीची शंका असलेली पोटरी चोळणे म्हणजे ती गुठळी निसटण्याचा धोका पत्करणे होय. हाडवैदाकडे नेऊन पाय पुन्हा बांधून घेणे हेही तितकेच घातक. तेथे पाय चोळू नये, दाबू नये, शेकू नये.

याहून महत्त्वाची लक्षणे छातीची आहेत. एकाएकी धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे, हृदय धडधडणे, घेरी येऊन पडणे, यांपैकी काहीही घडले तर गुठळी फुप्फुसात गेली असे समजून धावपळ करावी. फार दिवस पडून राहिल्याने अशक्तपणा आला असेल, सकाळी पाहू, हा विचार येथे जीवघेणा ठरतो. पायाला सूज नसतानाही हे घडू शकते. 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा तेलंगणात आहे तशी महाराष्ट्रातही आहे. आणि घोट्याची शस्त्रक्रिया केव्हा झाली, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. दम्याचा वा हृदयाचा विकार समजून उपचार सुरू होण्याचा संभव त्याने कमी होतो. वेळेवर निदान झाले तर रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी, साधारणतः तीन महिने किंवा अधिक काळ उपचार करून, बहुतेक रुग्ण बरे होतात. दुर्लक्षिलेली गुठळी जीव घेत नाही तेव्हाही कित्येकांचा पाय वर्षानुवर्षे सुजलेला, काळवंडलेला आणि न भरणाऱ्या जखमेचा ठेवून जाते.

सीमाभागातील रुग्णापुढे भाषेचीही अडचण असते. रुग्णालयातून निघताना हाती येणारा कागद बहुधा इंग्रजीत असतो, तोंडी सूचना तेलुगूत किंवा हिंदीत होतात, आणि घरी सेवा करणाऱ्या बाईला कदाचित मराठीच तेवढी उमगते. म्हणून निघण्यापूर्वी घरच्या एकाने पाच गोष्टी विचारून मराठीत लिहून घ्याव्यात. रुग्णाला गुठळीचा धोका सर्वसाधारण आहे की अधिक? औषध द्यावयाचे असल्यास कोणते व किती दिवस? पायावर भार केव्हापासून द्यायचा? कोणते व्यायाम किती वेळा करायचे? आणि रात्री-अपरात्री काही झाले तर कोणत्या क्रमांकावर कळवायचे? हा कागद बाजेजवळच्या भिंतीवर, सर्वांना दिसेल असा लावून ठेवावा.

घोट्याचे हाड जुळण्यास आठवडे लागतात आणि त्या काळात रुग्णाला जपणे म्हणजे त्याला हलू न देणे, असे प्रेमळ माणसांना वाटते. खरे जपणे वेगळे आहे. तासातासाला बोटे हलवलीत का, पाणी प्यायलात का, पोटरी दुखते का, श्वास नीट चालतो का, असे चार प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही व वैद्यकाची पदवीही लागत नाही. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने हे प्रश्न घरात रोज विचारले जावेत.